आमच्या महापाप्याचं खरं पाप

माझ्या नवऱ्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. खोकल्याचं औषध चमचाभर जास्त झालं तरी तो भिंतीला धरून चालतो. पत्त्यांत राजा कुठला आणि गुलाम कुठला हे त्याला अजून विचारून घ्यावं लागतं. चाकूचं म्हणाल तर कांदा चिरायला बसला की कांद्याआधी बोट चिरतो, म्हणून ते काम माझ्याकडे आहे. असा हा माणूस आमच्या चर्चमधला सगळ्यात मोठा पापी म्हणून ओळखला जायचा. नुसता ओळखला जायचा नाही, त्याला बाहेरगावची आमंत्रणं यायची.

आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत आहे. रविवारी प्रवचन संपलं की पाळकसाहेब विचारतात, कोणाला साक्ष द्यायची आहे का? मग ज्याला वाटेल तो पुढे जातो आणि सांगतो, मी असा असा बिघडलो होतो, अमुक पाप केलं, मग पश्चात्ताप झाला आणि प्रभूने मला क्षमा केली. पद्धत चांगली आहे, मन हलकं होतं. पण कुठल्याही चांगल्या गोष्टीत माणसं शिरली की जे होतं ते इथेही झालं. पाप मोठं असलं की पियानोवाली मागे हळू आवाजात सूर धरते, लोक रुमाल काढतात. 'मी जावेशी कुचकट बोलले' असल्या पापाला ती पियानोचं झाकणसुद्धा उघडत नाही.

नवऱ्याची पहिली साक्ष मला लख्ख आठवते. बाहेरून एक नावाजलेले प्रचारक आले होते आणि चर्च खच्चून भरलं होतं. जो तो पुढे जात होता म्हणून हाही गेला. "मी फार मोठा पापी होतो," म्हणाला आणि थांबला. पुढे सांगायला होतंच काय? सकाळी लाँड्री उघडायची, संध्याकाळी बंद करायची, त्यात पाप करायला सवड कुठे मिळते? पण समोर सगळे आ वासून बसलेले. पहिल्या बाकावरच्या आजोबांना राहवेना. "काय केलंस रे?" त्यांनी विचारलं. आणि याच्या तोंडून निघून गेलं, "दारू."

चर्चभर हळहळ पसरली. पियानो सुरू झाला. त्या सुरांबरोबर माझ्या नवऱ्याची छाती दोन बोटं पुढे आलेली मी पाहिली आणि मनात म्हटलं, आता हा काही थांबत नाही.

झालंही तसंच. दारूमागून जुगार आला. जुगारामागून चाकू आला; अंधाऱ्या गल्लीत कोणाच्या तरी बरगडीपर्यंत नेलेला आणि ऐन वेळी देवदूताने मनगट धरल्यामुळे तिथेच राहिलेला. शेजारच्या शहरातल्या मोठ्या चर्चमधून बोलावणं आलं, तेव्हा त्या मोठ्या चर्चला शोभेल अशी लाल कपड्यांतली एक बाई आली.

त्या आठवड्यात आमच्या चर्चमधल्या बायकांनी मला घेरलं. एकीने तर केक करून आणला. "कसं गं सोसलंस एवढं?" ती डोळे पुसत म्हणाली. मी काय सांगणार? तोंडात केक होता, मान हलवली. घरी आल्यावर विचारलं, "अहो, ती लाल कपड्यांतली बाई कोण?"

"कुठली? अगं, ती होय! ती साक्षीतली आहे," म्हणाला, आणि शांतपणे मोजे काढायला लागला. साक्षीतल्या बायकांबद्दल घरच्या बायकोने विचारू नये असा जणू नियमच आहे.

मी मूग गिळून बसले. म्हटलं, कोणाचं काही बिघडत नाही. लोकांना एक पापी हवा होता, याला मान हवा होता. पाळकसाहेबांना तर तो इतका आवडायचा की 'दुसऱ्यांचे डाग धुणाऱ्याचे डाग प्रभूने धुतले!' हे वाक्य ते जावयाची ओळख करून द्यावी तशा कौतुकाने म्हणायचे.

आता भाऊजींबद्दल सांगते. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. नवऱ्याला मी 'तो' म्हणते आणि दिरांना 'ते', यावरून काय ते समजून घ्या.

लाँड्री माझ्या सासऱ्यांची. ते पुढे काउंटरवर आणि मागे दोघं भाऊ. इस्त्रीचं मोठं टेबल भाऊजींचं. पांढऱ्या कापडावर त्यांचा हात फिरायला लागला की सासऱ्यांसारखा खडूस माणूससुद्धा खोड काढायला येत नसे. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. गावातल्या एका बड्या घरच्या मुलीचा लग्नाचा पांढरा गाऊन इस्त्रीला आला होता, दुसऱ्या दिवशी लग्न होतं. तो गाऊन भाऊजींच्या टेबलावर पसरलेला असताना त्याच्या ऐन छातीवर इस्त्री टेकून राहिली. हा एवढा मोठा तपकिरी चटका. लाँड्रीतल्या कोणालाही विचारा, डाग निघतो, चटका निघत नाही. तिथलं कापडच गेलेलं असतं.

"मी नव्हतो," भाऊजी म्हणाले.

"टेबल कोणाचं?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझं."

"मग?"

एवढ्यावर चौकशी संपली. सासऱ्यांनी त्यांना दुकानाबाहेर काढलं ते कायमचं. भाऊजी एका हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करायला लागले, दुकान धाकट्याला मिळालं. भाऊजींना काय मिळालं? नाव. 'चटका'. आधी घरात, मग गल्लीत, मग चर्चमध्ये. कोणी मुलीचं स्थळ आणलं की मुलीकडचे विचारायचे, 'कोण, तो चटका का?' लग्न राहूनच गेलं. माझ्या मुलीला बोलता यायला लागलं तेव्हा बापाने तिला कौतुकाने शिकवलं, 'म्हण, चटकाकाका.' ती आता नोकरीला जाते, पण काकाचं नाव तिच्या तोंडात तेच आहे.

आणि ती नवरी? तिने मावसबहिणीचा गाऊन घालून लग्न केलं. तो चांगला वीतभर आखूड होता. लग्नाचा फोटो तिच्या बैठकीच्या खोलीत आहे, त्यात तिचे घोटे आणि तपकिरी बूट स्वच्छ दिसतात. घरी गेलेल्या माणसाला ती चहाच्या आधी फोटो दाखवते आणि फोटोच्या आधी भाऊजींना शिव्या घालते. आता ती चर्चच्या कमिटीची अध्यक्ष आहे. आम्ही तिला अध्यक्षीणबाई म्हणतो. भाऊजींच्या नमस्काराला तिने मान हलवलेली मी कधी पाहिली नव्हती.

तर झालं असं, की हॉटेलने चादरी बाहेरच्या कारखान्यात पाठवायला सुरुवात केली आणि भाऊजींचं काम गेलं. त्याच सुमारास चर्चची वस्त्रं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या. वेदीवरची चादर, गायकमंडळींचे झगे, बाप्तिस्म्याच्या बाळांची अंगडी, हे सगळं धुऊन, इस्त्री करून ठेवायचं काम. त्यासाठी चर्चच्या मागे एक छोटी खोली आहे, खिडकीजवळ टेबल आहे.

भाऊजी आमच्या मागच्या दाराने आले. पुढच्या दाराने ते कधीच येत नाहीत. टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"अगं बाई, ते वस्त्रांचं काम मला मिळेल का? त्याला विचारून बघशील? तो कमिटीवर आहे म्हणून म्हणतो."

"बसा तरी भाऊजी."

"बसत नाही. तळघरात इतकी वर्षं चादरी केल्या. त्यावर कोण झोपलं मला माहीत नाही, आणि कोणी इस्त्री केली ते झोपणाऱ्याला माहीत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "लोकांना दिसेल असं पांढरं कापड एकदा हातात घ्यायचंय. बास."

माझ्या लग्नापासून या माणसाने आमच्याकडे कधी कपभर चहासुद्धा मागितला नव्हता. मी म्हटलं, "मिळेल. मिळालंच पाहिजे."

हो, नवरा कमिटीवर होता. सुधारलेला पापी कमिटीवर असला की कमिटीला शोभा येते. मीटिंग झाल्यावर तो दुकानात आला, कोट खुंटीला लावला आणि गिऱ्हाइकांचे कपडे लावायला लागला. मी विचारलं, "काय झालं भाऊजींचं?"

"नाही जमलं. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, ज्याने माझा गाऊन जाळला त्याच्या हातात वेदीचं वस्त्र देणार नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? रविवारी उपासनेनंतर पक्कं करायचंय. दुसरं कोणीतरी बघतील."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, तुम्ही दारू प्यायलात, जुगार खेळलात, चाकू काढलात, त्या लाल बाईबरोबर काय काय केलंत. ते सगळं माफ! वर कमिटीची खुर्ची! आणि त्या माणसाच्या हातून एक कापड जळलं, ते जन्मभर माफ नाही?"

"त्याच्या हातून कुठे जळलं?" नवरा एका शर्टाची घडी नीट करत म्हणाला. "ते मी जाळलं."

दूध उतू गेलं ते माझ्यामुळे, असं सांगावं इतक्या सहज सांगितलं त्याने. मी स्टुलावर बसले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊजी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढायला गेले होते. याला वाटलं, तेवढ्यात आपण एक हात मारावा. पण शेजारी एका बड्या गिऱ्हाइकाचा काळा कोट टांगलेला होता. याने इस्त्री तिथेच गाऊनवर ठेवली, कोट अंगात चढवला आणि आरशासमोर उभा राहिला. कोट इतका छान दिसत होता म्हणे, की जळका वास यायला लागला तेव्हा याला वाटलं बाहेर कोणी पाला पेटवलाय.

"मग हे साक्षीत सांगा ना!" मी ओरडले.

"वेडी आहेस का?" तो केवढ्याने दचकला. "ते खरं आहे!"

त्याला माझी कीव आली असावी, कारण तो समजावणीच्या सुरात बोलायला लागला. "हे बघ, मी देवाला केव्हाच सांगितलंय. त्याच दिवशी गुडघे टेकून सांगितलं, रडलोसुद्धा. देवाने मला क्षमा केली. देव क्षमा करतो तेव्हा ते पाप विसरूनही जातो. देव विसरला ते तू कशाला उकरून काढतेस?"

"आणि भाऊजींनी केली का क्षमा?"

"दादाला कशाला विचारायचं? देव मोठा की दादा?"

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकून होते. पण इथे तर चोर सुळीच्या शेजारी उभा राहून प्रवचन देत होता, आणि मी इतकी वर्षं त्याचे झब्बे-कोट झटकून त्याला प्रवचनाला पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी मी भाऊजींच्या खोलीवर गेले. एक खाट, एक खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर शर्ट, शर्टाची कॉलर पुठ्ठ्यासारखी ताठ. काम नाही म्हणून भाऊजी स्वतःच्याच उशीच्या अभ्ऱ्याला इस्त्री करत होते.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

काय, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "दुकानात तिघंच होतो, बाई. बाबा काउंटरवर, मी अंगणात. राहिला कोण?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. 'मी नव्हतो' म्हणालो. खरं माणूस किती वेळा बोलणार?" त्यांनी अभ्ऱ्याचा कोपरा सरळ केला. "तो येऊन सांगेल असं वाटायचं. पहिलं वर्षभर तर रोज वाटायचं. दारावर कोणी आलं की मी इस्त्री बाजूला ठेवायचो, तोच असेल म्हणून."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

रविवारी पाळकसाहेबांचं प्रवचन काय रंगलं! विषय होता समेटाचा. म्हणाले, तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर ते अर्पण तिथेच ठेव. आधी भावाकडे जा, समेट कर, मग देवाकडे ये. म्हणजे प्रभूने कसं स्वच्छ सांगून ठेवलंय, देवाकडे जायचा रस्ता भावाच्या दारावरून जातो. हे सांगताना पाळकसाहेबांनी रुमाल काढला. माझ्या नवऱ्यानेही काढला. त्याने डोळे टिपले, आणि टिपताना मागे वळून कोण कोण पाहतंय तेही पाहून घेतलं. शेवटच्या बाकावर दाराजवळ भाऊजी बसले होते.

"आणि आता," पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या लाडक्या बंधूंची साक्ष ऐकू या."

तो पुढे गेला. स्टँडवर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. पियानोवालीने बोटं मोकळी केली. "बंधुभगिनींनो," तो म्हणाला, "एक काळ असा होता, की दारूच्या बाटलीशिवाय माझा दिवस उजाडत नसे..."

मी उभी राहिले. "पाळकसाहेब, मला साक्ष द्यायची आहे."

"बाई, यांची होऊ दे. मग तुमची."

"यांच्याबद्दलच आहे."

साक्ष द्यायला उठलेल्या माणसाला खाली बसवायची आमच्याकडे सोय नाही, तेवढा फायदा मला मिळाला. मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याने कधी दारू घेतलेली नाही. खोकल्याच्या औषधाने त्याला चक्कर येते. जुगार खेळलेला नाही, त्याला पत्ते कळत नाहीत. या गोष्टींबद्दल मंडळीच्या मनात त्याच्याविषयी जो आदर आहे तो कृपया काढून घ्यावा."

पियानोवालीची बोटं हवेत राहिली. पहिल्या बाकावरच्या आजोबांचा चेहरा पडला. "म्हणजे चाकूसुद्धा नाही?" त्यांनी इतक्या दुःखाने विचारलं की मला वाईट वाटलं.

"नाही आजोबा. घरात कांदा मी चिरते."

"आणि ती बाई?" केकवालीने विचारलं.

"ती बाईपण नाही. तुमचा केक मी फुकट खाल्ला, तेवढं माझं पाप."

लोक चिडले. अगदी मनापासून चिडले. कोणी म्हणालं, ही बायको आहे की कोण? एवढ्या चांगल्या पापी माणसाची बदनामी करते! पाळकसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बाई, म्हणजे तुमचं म्हणणं, आपले बंधू निष्पाप आहेत?"

"निष्पाप कसले! एक पाप आहे, अस्सल आहे, आणि या चर्चमध्ये बसलेल्या एका माणसाचं आयुष्य त्यात गेलंय. पण ते मी सांगणार नाही. ज्याचं त्याने सांगावं." मी खाली बसले.

नवरा स्टँड धरून उभा होता. माझ्याकडे त्याने असं पाहिलं, की घरी गेल्यावर लग्नापासूनचं सगळं निघणार हे मला कळलं. मग तो हसला, आणि "आमची ही जरा..." असं काहीतरी म्हणायला लागला. तेवढ्यात मागे शेवटचा बाक करकरला. भाऊजी उठले होते. त्यांनी टोपी घेतली आणि कोणाकडे न बघता दाराकडे वळले. याची सवयच त्यांना होती, आपल्या घरात आपल्याबद्दल खरं बोललं जाणार नाही याची.

"दादा, थांब," नवरा म्हणाला.

भाऊजी थांबले, पण वळले नाहीत.

"गाऊन मी जाळला होता. दादाने नाही. मी."

साक्षीतला तो चढउतार, तो घोगरा कंप, काही काही नव्हतं. इतक्या वर्षांत चर्चमध्ये त्याचा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तो बारीक होता आणि शेवटी फाटत होता. पियानो वाजला नाही. कुठला सूर धरावा हे पियानोवालीला कळलं नसावं.

"कुठला गाऊन?" मधल्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"एवढंच?" आजोबा म्हणाले.

अध्यक्षीणबाई मात्र बसल्या जागी हललीसुद्धा नाही. तिची पर्स मांडीवरून घसरून खाली पडली, ती तिने उचलली नाही.

पाळकसाहेब सावरले. सावरणारच, त्यांचा तो धंदा आहे. "हालेलुया!" ते गरजले. "पाहा, प्रभू कसा खोल खोल जाऊन शोधतो!" गाणं सुरू झालं, लोक येऊन नवऱ्याच्या गळ्यात पडले, तो ढसाढसा रडला, आणि खरंच रडला, हे मी कबूल करते. पण माणसाची खोड अशी जाते थोडीच. गळाभेटी घेत घेत बाहेरच्या अंगणात येईपर्यंत त्याची छाती पुन्हा दोन बोटं पुढे आली होती.

"पुढच्या महिन्यात मोठ्या चर्चमध्ये हीच साक्ष!" पाळकसाहेब त्याचा हात हलवत म्हणाले. "आणि दोघा भावांनी मिळून!"

"दादा, तू चलच," नवरा म्हणाला. "मी सांगताना तू नुसता शेजारी उभा राहा. लोक रडून रडून बेजार होतील."

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. "मी माफ केलं असं तुला कोणी सांगितलं?"

खरंच, कोणी सांगितलं होतं? गाणं झालं, गळाभेटी झाल्या, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, आणि या सगळ्या गडबडीत भाऊजींना विचारायचं राहूनच गेलं होतं.

"पण... देवाने..." नवरा चाचरत म्हणाला.

"देवाने केलं असेल. त्याचं मन मोठं आहे. आणि त्याला कोणी चटका म्हणत नाही."

पाळकसाहेब आपल्या बुटांकडे बघायला लागले. नवऱ्याच्या छातीतली हवा गेली. अगदी लहान आवाजात त्याने विचारलं, "मग मी काय करू, दादा?"

"दुकानात सांग. काउंटरवर. गिऱ्हाईक आलं की त्याला सांग, गाऊन कोणी जाळला ते. पियानो नको, पाळकसाहेब नकोत. तू सांगशील तेव्हा मी मागे असेन. माझ्या टेबलावर." भाऊजींनी टोपी घातली. "उद्या सकाळी येतो. पुढच्या दाराने."

आले. नवऱ्याने टेबल पुसून ठेवलं होतं. भाऊजींनी त्यावर हात फिरवला, बाही दुमडली आणि कामाला लागले. काउंटरवर नवरा एकटा.

पहिलं गिऱ्हाईक घाईत होतं. "साहेब, तो लग्नाचा गाऊन जळाला होता ना, तो दादाने नाही, मी..." नवऱ्याने सुरुवात केली. "गाऊन? माझा कोट होता हो!" ते म्हणाले. "कोट जाळलात की काय?" त्यांना कोट दाखवून शांत करावं लागलं. दुसरे आले ते निवृत्त मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाराज झाले. "म्हणजे तुम्ही दारू सोडलेलीच नाही? कारण धरलेलीच नाही? मी आमच्या पुतण्याला तुमचं उदाहरण देतो हो!" एक बाई नुसती हसली. एकाने विचारलं, "मग इतकी वर्षं गप्प का बसलात?" त्याला उत्तर देताना नवऱ्याची जीभ अशी अडखळली की तो माणूसच कंटाळून निघून गेला.

दुपारी तो आत पाणी प्यायला आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. "कोणी रडत नाही गं," म्हणाला. "आणि दर वेळी सांगताना लाज वाटते. दारूचं सांगताना कधी वाटली नव्हती."

"ती पापं दुसऱ्याची होती ना," मी म्हटलं. "दुसऱ्याचा कोट घालून मिरवायची तुमची खोड जुनीच आहे."

नेहमी तो यावर चिडला असता. आज ग्लास ठेवला आणि पुन्हा काउंटरवर जाऊन उभा राहिला. खरं सांगते, त्या वेळी मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला. थोडाच.

ऊन उतरल्यावर अध्यक्षीणबाई आली. हातात पांढरं गाठोडं. ते काउंटरवर ठेवून म्हणाली, "पुन्हा सांगा. नीट सांगा."

त्याने सांगितलं. कोट सांगितला, आरसा सांगितला, जळका वास आला तरी आरशासमोरून हललो नाही तेही सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे मी इतकी वर्षं भलत्याच माणसावर राग धरून बसले?"

"हो, बाई."

"आता तो सोडायचा आणि तुमच्यावर अगदी पहिल्यापासून धरायचा." तिने सुस्कारा सोडला. "या वयात मला ते झेपायचं नाही." मग तिने गाठोडं उचललं, काउंटरची फळी स्वतःच वर केली आणि आत गेली. टेबलासमोर उभी राहिली. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. "नमस्कार," ती भाऊजींना म्हणाली. आणि मग, "वेदीची चादर आणलीय. कमिटीला मी सांगते."

भाऊजींनी नमस्कार केला. हात पुसले, चादर उलगडली आणि काम सुरू केलं. चादर पुरी होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मला वाटलं भारावली असेल. पण तिचे डोळे इस्त्रीवरून हलत नव्हते. एका दिवसात माणूस किती बदलणार?

अध्यक्षीणबाई गेली, आणि दुकान बंद व्हायच्या वेळेला आमची मुलगी ऑफिसमधून आली. नवरा दुसऱ्या टेबलावर उरलेल्या एका शर्टाला इस्त्री करत होता. ती दारातूनच म्हणाली, "अय्या, चटकाकाका आज इथे कसे?"

नवरा होता तिथे थांबला. "त्यांना त्या नावाने हाक मारायची नाही," म्हणाला. "चटका ते नाहीत. चटका मी आहे."

समोर मंडळी नव्हती. आम्ही तिघंच होतो, आणि त्यातही भाऊजी मान खाली घालून चादरीची घडी घालत होते. नवऱ्याला आणखी काही बोलायचं होतं, पण डोळे पुसायला त्याने इस्त्रीवरचा हात उचलला. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत होती.

भाऊजींनी नाक वर करून हवेत वास घेतला.

"अरे चटक्या," ते म्हणाले, "आधी इस्त्री उचल."

शर्ट थोडक्यात वाचला.